संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

भिंती उभ्या राहिल्या होत्या, पण अजून नुसता लाकडाचा सांगाडा. आरपार दिसत होतं. झोपायच्या खोलीत खिडकीच्या जागी चौकोनी भोक होतं आणि त्या भोकापाशी काका कमरेवर हात ठेवून उभे होते. वय चौऱ्याहत्तर. सातारा डेपोत एसटी चालवण्यात हयात गेलेली. सॅन होजेला लेकाकडे येऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि परसात आपल्यासाठी बांधत असलेल्या घराची ते रोज सकाळी तपासणी करत.

"मॅडम, ह्यातनं माणूस बाहेर पडंल का?"

"पडायलाच पाहिजे, काका. नाहीतर इन्स्पेक्टर सही करणार नाही."

काकांना माझं उत्तर पटलं नसावं. त्यांनी पायातल्या चपला काढून शेजारी नीट जोडीनं ठेवल्या, चौकटीच्या खालच्या लाकडावर पारावर बसावं तसे बसले, एक पाय हातानं उचलून पलीकडे टाकला आणि तिथंच अडकले. ना धड आत, ना बाहेर. सुतार हातातलं काम टाकून धावला. काका शांतपणे म्हणाले, "एसटीत आसतंय बघा लिवलेलं. संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. तीस वर्सं मागं घिऊन फिरलो. एकदाबी उगडून बघितला न्हाई."

ड्रॉइंगवर ती खिडकी नियमात बसत होती. पुस्तक म्हणतं, खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून जास्तीत जास्त चव्वेचाळीस इंचांवर. मी बत्तीस ठेवला होता, म्हणजे फूटभर सूट. फक्त ज्या माणसासाठी ती खिडकी होती त्याचा गुडघा मी मोजला नव्हता.

माझं काम हेच. लोकांच्या परसात दुसरं घर बसवून देणं. कॅलिफोर्नियात त्याला अ‍ॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट म्हणतात, तोंडी 'एडीयू'. आपली मंडळी 'मागचं घर' म्हणतात आणि मला तेच नाव बरं वाटतं. माझं शिक्षण सांगलीचं, सिव्हिलचं. पुण्यात दोन वर्षं एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे काढली आणि लग्न होऊन इकडे आले. मग सहा वर्षं घरी. नवरा एच-वन, मी एच-फोर, म्हणजे शिकलेल्या हातांना काम करायची मनाई. २०१५ साली ग्रीनकार्डच्या रांगेत अडकलेल्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला. त्या वर्षी मी चार माणसांच्या एका छोट्या ऑफिसात चिकटले. काम काय, तर टेप घेऊन लोकांच्या घरी जायचं, मोजमाप घ्यायचं आणि ड्रॉइंग करायचं. पुण्यात मी बारा मजली इमारतींच्या बीम मोजत होते. इथं आले ती गॅरेजवर.

त्या गॅरेजांबद्दल सांगायला हवं, कारण 'कायदेशीर' या शब्दाचा अर्थ मला तिथं कळला. या खोऱ्यातली बरीचशी घरं १९५०-६०च्या दशकांतली. बैठी, लाकडी, रस्त्याकडे तोंड करून गॅरेज. घरभाडी आभाळाला टेकली तेव्हा लोकांनी गॅरेजचं दार आतून प्लायवूडनं बंद केलं, गालिचा टाकला, कोपऱ्यात एक शेगडी ठेवली आणि भाडेकरू आणला. बाहेरून बघाल तर गॅरेजचं दार तसंच. आत एक संसार. मी पहिल्या वर्षी मोजलेल्या अशा खोल्यांपैकी एकीला खिडकीच नव्हती. बाहेर जायचा रस्ता एकच, तोही वॉटर हीटरच्या समोरून. तिथं राहणारी बाई माझ्याशी हसून बोलली, चहा घेणार का म्हणाली. मी टेप गुंडाळली आणि बाहेर येऊन गाडीत दहा मिनिटं बसून राहिले.

मालकाला काय सांगणार? तेव्हा कायदेशीर करायचा रस्ताच अरुंद होता. दुसऱ्या घराला राज्याची तत्त्वतः परवानगी १९८२पासून होती, पण नियम ठरवायचे गावागावांनी. आणि गावं कशी ठरवतात ते सांगलीकराला सांगायला नको. प्लॉट एवढा मोठा हवा, पार्किंग एवढं हवं, सीमेपासून एवढं अंतर सोडायला हवं. परवानगी होती, फक्त कोणालाच ती मिळणार नाही अशी तजवीज करून ठेवलेली. मग २०१६ साली राज्यानं दोन कायदे केले, ते २०१७च्या १ जानेवारीला लागू झाले आणि आमच्या ऑफिसातला फोन वाजू लागला. खरा दरवाजा उघडला २०२०मध्ये. बाजूला नि मागे चार फूट सोडा, उंची सोळा फूट, आठशे चौरस फुटांपर्यंतचं घर कोणतंही शहर अडवू शकणार नाही, अर्ज पूर्ण असेल तर साठ दिवसांत निकाल. सुनावणी नाही. शेजाऱ्याची एनओसी नाही. हे शेवटचं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय बांधकाम होऊ शकतं, ही कल्पनाच पचायला वेळ लागला.

(साठ दिवसांचं म्हणाल, तर त्यात 'अर्ज पूर्ण असेल तर' हे शब्द महत्त्वाचे. पूर्ण कशाला म्हणायचं यावर माझ्या आयुष्यातले बरेच साठ दिवस गेलेत.)

कायद्याला पळवाटा नसतात, कोपरे असतात. साडेसातशे चौरस फुटांखालच्या घराला शहरानं इम्पॅक्ट फी लावायची नाही असा एक नियम आहे. त्यामुळे आमच्या ऑफिसातनं निघालेली निम्मी घरं ७४९ चौरस फुटांची. आम्ही मापं टाकतो, बेरीज सातशे साठवर जाते, मग न्हाणीघराची भिंत चार इंच सरकवतो, कपाटाचा खण मारतो. काकांचं घरही ७४९चंच.

त्यांच्या लेकाचा पहिला फोन मला आठवतो. सॉफ्टवेअरमधला मुलगा, मराठी मंडळातल्या ओळखीतून आलेला. दोन मिनिटं ख्यालीखुशाली झाली आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "ताई, एक विचारू? परमिट न काढता केलं तर नेमकं काय होतं?"

दहांतले सात जण हे विचारतात. मराठीच नव्हे, सगळेच. फरक एवढाच की आपले लोक आवाज खाली आणतात. मी ठरलेलं उत्तर देते. काही होत नाही, होईपर्यंत. शेजाऱ्यानं तक्रार केली, आग लागली आणि विमा कंपनीनं कागद मागितले, किंवा घर विकायला काढलं आणि खरेदीदारानं विचारलं, की होतं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शेड म्हणून दाखवलं तर?" मी म्हटलं, "शेडमध्ये तुमचे आई-वडील झोपणार का?" हे जरा लागलं असावं. पण परमिट काढायचं ठरलं.

इथं माझ्या बढाईला थोडा लगाम घालते, कारण या कामात माझ्याकडून झालेली एक चूक याच घराची आहे.

मागच्या घराचं सगळ्यात अवघड काम डोळ्याला दिसत नाही. संडासाचं पाणी मागून पुढे, रस्त्यातल्या गटाराच्या मुख्य लाइनीपर्यंत, आपल्या वजनानं वाहत गेलं पाहिजे. नियम आहे फुटाला पाव इंच उतार. सोपं वाटतं. जुन्या घराच्या बाजूला एक क्लीनआउट होतं, आपल्याकडे चेंबर असतं तसं, पण नुसतं पाइपाचं तोंड आणि त्यावर झाकण. ड्रॉइंगवर मी मागच्या घराचा पाइप तिथं आणून जोडला. अंतर बासष्ट फूट. खोली किती? अशा घरांत साधारण असते तेवढी धरली आणि शेजारी तीन शब्द लिहिले: व्हेरिफाय इन फील्ड. जागेवर तपासून घ्यावे. ड्रॉइंग करणाऱ्यांच्या जगात हे तीन शब्द म्हणजे हात झटकायचा नॅपकिन.

डिसेंबरात चर खणून झाला आणि प्लंबर, मेक्सिकोचा, माझ्यापेक्षा वीस वर्षं जुना, त्यानं क्लीनआउटचं झाकण काढून टेप आत सोडली. टेप लगेच थांबली. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि बोटांनी दाखवलं. चौदा. इंच.

बासष्ट फुटांना पाव इंचाप्रमाणे साडेपंधरा इंच उतार लागतो. हातात चौदा. म्हणजे माझ्या ड्रॉइंगप्रमाणे काकांच्या संडासाचा पाइप जमिनीच्या दीड इंच वरून निघाला असता. हे गणित चौथीतलं पोर करतं. मी ते करायचं टाळलं होतं, कारण करायचं तर आधी वाकून झाकण उघडावं लागलं असतं.

पर्याय तीन होते. पंप बसवायचा, म्हणजे वीज गेली की संडास बंद. कमी उताराची खास परवानगी मागायची. चार इंची पाइपाला नाइलाज असेल तर फुटाला अष्टमांश इंच चालवून घेतात, पण तरीही घराची जमीन बरीच उचलावी लागली असती आणि काकांना पायऱ्या आल्या असत्या. तिसरा, ते उथळ क्लीनआउट सोडून द्यायचं आणि नवा पाइप थेट रस्त्याकडच्या सीमेपर्यंत न्यायचा. तिथं लाइन चाळीस इंच खोल सापडली. एकूण एकशे दहा फूट, उतार साडेसत्तावीस इंच, मागच्या टोकाला पाइप साडेबारा इंच जमिनीखाली. बसलं. त्यासाठी लेकाच्या ड्राइव्हवेचं काँक्रीट करवतीनं कापावं लागलं. त्या खर्चातला अर्धा आमच्या ऑफिसनं उचलला. ऑफिसचे मालक मला काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

वर निसर्गाची मदत. २०२२चा शेवट नि २०२३चा जानेवारी कॅलिफोर्नियात एकापाठोपाठ एक वादळं घेऊन आला. वर्षानुवर्षांच्या दुष्काळानंतर असा पाऊस की उघडा चर म्हणजे ओढाच झाला. पंपानं उपसायचं, रात्रीत पुन्हा भरायचा. तीन आठवडे काम ठप्प. लेक मला रोज फोटो पाठवायचा. सोबत एक शब्द नाही, नुसता फोटो.

बाकी टप्पे नेहमीसारखे झाले. इथं काम झाकायच्या आधी दाखवायचं असतं. जमिनीखालचा पाइप दाखवल्याशिवाय माती लोटायची नाही, सळ्या नि बोल्ट दाखवल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, प्लायवूडचे खिळे दाखवल्याशिवाय त्यावर कागद चढवायचा नाही. दर वेळी इन्स्पेक्टर येतो, पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतलं कार्ड काढतो आणि एका रेघेवर सही करतो. खिळ्यांच्या तपासणीत आमच्या सुताराचा एक कोपरा नापास झाला. नेलगनचा दाब जास्त होता, खिळ्यांची डोकी प्लायवूडचा वरचा पापुद्रा फाडून आत गेली होती. सुतार कुरकुरला. इन्स्पेक्टरनं नखानं ती खोलगट जागा दाखवली आणि एवढंच म्हणाला, "भूकंपात एवढंच धरून ठेवतं." इथल्या लोकांना १९८९चा ऑक्टोबर आठवतो. सुतारानं मधे मधे नवे खिळे मारले. आज ती भिंत पांढरीशुभ्र आहे, त्यावर गणपतीची तसबीर आहे आणि त्या खिळ्यांचं अस्तित्व फक्त आम्हा तिघांना माहीत आहे.

आता खिडकी.

खिडकीचा धडा मी आधीच एकदा गिरवला होता. २०१८ साली एका गॅरेजचं आम्ही रीतसर घर केलं, तेव्हा झोपायच्या खोलीला मी सरकती खिडकी दिली. चार फूट रुंद, तीन फूट उंच. भरपूर मोठी. शेवटच्या तपासणीला आलेला इन्स्पेक्टर वयस्क होता, पूर्वी अग्निशमन दलात काम केलेला. त्यानं खिडकी सरकवली आणि उघडलेल्या भागाची मापं घेतली. सरकती खिडकी अर्धीच उघडते. एकवीस इंच गुणिले तेहतीस. सहाशे त्र्याण्णव चौरस इंच. तळमजल्याला लागतात पाच चौरस फूट, म्हणजे सातशे वीस. सत्तावीस चौरस इंचांसाठी, तळहाताएवढ्या जागेसाठी, त्यानं सही केली नाही.

मी वाद घातला. काचेचा आकार दाखवला, उजेडाचं गणित दाखवलं. पुस्तकातली किमान रुंदी वीस नि किमान उंची चोवीस दाखवली. तो म्हणाला, दोन्ही किमान घेतलंस तर साडेतीन चौरस फूटसुद्धा भरत नाहीत, त्यासाठीच तिसरा आकडा आहे. मग त्यानं पाठीमागे हात नेऊन हवेत एक गोल काढला. "इथं सिलिंडर असतो," म्हणाला. "माणूस बाहेर पडू शकेल एवढीच खिडकी नको. मी आत येऊ शकेन एवढी हवी." नियमातल्या सातशे वीस या आकड्याला पाठ असते, खांदे असतात, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात तर नाहीच. बाहेरचा गिलावा फोडून दारासारखी उघडणारी खिडकी बसवली. तेव्हापासून मी झोपायच्या खोलीत सरकती खिडकी देत नाही.

म्हणून काकांच्या घरात पहिल्यापासून दारासारखी उघडणारी. अडीच फूट रुंद, चार फूट उंच. आकड्यांत कुठंही खोट काढायला जागा नाही. आणि तरी काका त्या चौकटीवर अडकून बसले होते.

सुतारानं त्यांना उतरवून घेतलं. मी विचारलं, "काका, किती खाली घेऊ?"

"पलंगाच्या उंचीला घ्या की. पलंगावरनं बसल्या बसल्या पाय टाकता आला पायजे. रातचं उठून कोन शोधत बसतंय."

चोवीस इंचांवर घेतली. खिडकीचा माथा हलवायचा नव्हता, त्यामुळे वरचा भार पेलणारं लाकूड तसंच राहिलं. खालची आखूड लाकडं कापली आणि आठ इंच जास्त उंचीची खिडकी मागवली. ड्रॉइंगमध्ये एक ढगासारखी रेघ काढून बदल दाखवला. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम. दोन दिवसांनी काका पुन्हा चपला काढून बसले, दोन्ही पाय टाकले आणि कोणाचा हात न धरता परसात उभे राहिले. मग वळून आत बघत म्हणाले, "आता हिला शिकवायचं."

हिला म्हणजे काकूंना. काकूंचं खिडकीबद्दलचं म्हणणं वेगळं होतं. त्या एवढंच विचारत होत्या की ग्रिल कधी बसवणार. जमिनीलगत एवढी मोठी खिडकी, ती पलंगाशेजारी, ती उघडी? रात्री झोप कशी लागायची? मी समजावलं की इथं पक्कं ग्रिल चालत नाही. लावायचंच तर आतून, किल्लीवाचून, हत्याराशिवाय उघडणारं हवं. काकू म्हणाल्या, "मग त्याला ग्रिल कशाला म्हणायचं? चोरानं काय आतनं यायचं?"

त्यांच्यावर हसायचा अधिकार मला नव्हता.

सांगलीत आमचं घर गुंठेवारीतलं. आठवी-नववीत असताना माझ्या बाबांनी त्यावर एक खोली चढवली. कागद नाही, नकाशा नाही, ओळखीचा गवंडी आणि दिवाळीच्या बोनसचे पैसे. पुढे २००१चा गुंठेवारी कायदा आला आणि खालचा प्लॉट नियमित झाला. वरची खोली कोणत्याच कागदावर आली नाही. मी सिव्हिलला गेल्यावर बाबांना म्हणायचे, ही खोली बेकायदेशीर आहे. ते म्हणायचे, मग तू तिथं अभ्यास करू नकोस.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा आई-बाबा त्या खोलीत जाऊन बसले. दोन रात्री. ती बेकायदेशीर खोली नसती तर ते कुठं बसले असते हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीत बोट आली. खोली गल्लीच्या बाजूला, गच्ची मागे, जिना पाण्यात. बोटीकडे यायला एकच वाट, खिडकी. आणि खिडकीला ग्रिल. बाबांनीच बसवून घेतलेलं, बारा एमएमच्या गजाचं, चौकटीत पक्कं गाडलेलं. मी सॅन होजेत फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी. पलीकडून हॅक्सॉ ब्लेडचा आवाज येत होता. बोटीतली पोरं आळीपाळीनं गज कापत होती. एक ब्लेड तुटलं. दुसरं आणायला कोणीतरी पोहत गेलं. दोन गज कापायला पाऊण तास लागला. बाबा मधेच फोनवर म्हणाले, "काम पक्कं केलं होतं गं गवंड्यानं," आणि हसले.

त्यामुळे परमिटवाली मी आणि बिनपरमिटवाले तुम्ही, असं मला कधी बोलता येत नाही. काकूंना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी ग्रिलचा विषय पुन्हा काढला नाही. पडदा मात्र जाड लावून घेतला.

कॅलिफोर्नियानं आता लपलेल्या घरांसाठीही दार उघडलंय. २०२०च्या १ जानेवारीपूर्वी परवानगीशिवाय बांधलेलं मागचं घर माणसाच्या जिवाला धोकादायक नसेल, तर केवळ आजच्या नियमात बसत नाही म्हणून शहरानं ते नाकारायचं नाही, असा कायदा २०२५पासून लागू आहे. गुंठेवारीच्या दुरुस्तीत आपल्याकडे ३१ डिसेंबर २०२० ही तारीख आली होती. सात समुद्र ओलांडून तारखांतला फरक एका वर्षाचा. मी पहिल्या वर्षी मोजलेल्या गॅरेजांपैकी दोघांचे फोन येऊन गेले. त्या चहा विचारणाऱ्या बाईच्या मालकाचा अजून आलेला नाही.

काकांच्या घराची शेवटची तपासणी ऑक्टोबरात झाली. इन्स्पेक्टरनं धुराचे अलार्म वाजवून पाहिले, गरम पाण्याला हात लावला, घराच्या नंबराची उंची मोजली. चार इंच लागतात. रात्री अँब्युलन्सवाल्याला रस्त्यावरून वाचता यायला हवा. मग झोपायच्या खोलीत आला. खिडकीखाली नातीनं लाल स्केचपेननं लिहिलेला कागद चिकटवला होता, काकांच्या सांगण्यावरून. इन्स्पेक्टरनं विचारलं, हे काय लिहिलंय? लेकानं इंग्रजीत सांगितलं. इन्स्पेक्टर म्हणाला, उघडते का? काकांना प्रश्न कळला. त्यांनी चपला काढल्या.

कार्डावरची शेवटची रेघ त्या दिवशी भरली. त्या घराला आता स्वतःचा पत्ता आहे. नंबर तोच, पुढे 'बी'.

सांगलीत पाणी ओसरल्यावर माझ्या भावानं ते दोन कापलेले गज पुन्हा वेल्ड करून घेतले होते. चोरांची भीती. २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा आई-बाबा आधीच मावशीकडे गेले होते म्हणून निभावलं. गेल्या डिसेंबरात मी गेले तेव्हा फॅब्रिकेटरला बोलावून ग्रिलचा खालचा भाग दारासारखा करून घेतला. त्याला एक दुपार पुरली. बाबा शेजारी उभे राहून म्हणत होते, "कमजोर होणार बघ हे."

तुम्ही गच्चीवर खोली चढवत असाल, परवानगीनं किंवा परवानगीवाचून, तर बाकीचं नंतर बघा. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस ज्या खोलीत झोपतं, तिथल्या खिडकीचं ग्रिल आतून उघडतं का, ते आज रात्री स्वतः हात लावून बघा. उघडत नसेल तर गल्लीतल्या फॅब्रिकेटरला सांगा: दोन बिजागऱ्या आणि आतून एक कडी. कुलूप नको.